पाच वर्षांची ई-सायकल: बॅटरी बदलू की सायकलच बदलू?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई पंचेचाळीसच्या आसपासच्या, ऑफिस घरापासून 7 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 14. पाच वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक सायकल घेतली, मागच्या चाकात हब मोटर, 36 व्होल्ट 10 अँपिअर-अवरची काढता येणारी बॅटरी. नवीन होती तेव्हा एका चार्जमध्ये 45 किलोमीटर जायची आणि त्या तीन दिवसांतून एकदा चार्ज करायच्या. आता एक दिवसाआड करतात आणि तरी 27 च्या पुढे जात नाही, दुसऱ्या दिवशी परत येताना घराजवळच्या चढावर, डिस्प्लेवर दोन काड्या दिसत असतानाच मोटर बंद पडते, सपाटीला आलं की आपोआप चालू होते. कंपनीची नवी बॅटरी सायकलच्या मूळ किमतीच्या जवळजवळ निम्म्याला मिळतेय. भाऊ म्हणतो ओळखीतला एक जण जुन्याच डब्यात नवे सेल टाकून एक तृतीयांश खर्चात काम करतो. मुलगा म्हणतो विकून टाक, बॅटरीला आग लागल्याचे व्हिडिओ बघितल्यापासून त्याला ती घरातच नको झालीय. मिस्टर म्हणतात, मी तेव्हाच बोललो होतो हे खेळणं आहे. ताईंचे प्रश्न दोन: रात्रभर चार्जिंगला लावून ठेवायची सवय होती, म्हणजे माझ्यामुळेच बॅटरी खराब झाली का? आणि या सायकलवर अजून पैसे घालणं शहाणपणाचं आहे का? शेवटी जाता जाता लिहिलंय, "मला ती चालवायला आवडते, पण तो काही मुद्दा नाही."

ताई,

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते तोच मुद्दा आहे. सगळ्या पत्रात भावाचं मत आहे, मुलाचं आहे, मिस्टरांचं आहे, आणि तुमचं मत मात्र "पण तो काही मुद्दा नाही" म्हणून बाजूला सारलेलं. आवडीनं रोज वापरली जाणारी वस्तू आणि कोपऱ्यात धूळ खाणारी वस्तू यांचा हिशोब एकसारखा होऊच शकत नाही. तरी आवडतं म्हणून वाट्टेल तेवढे पैसे घाला असं मी म्हणत नाहीये, हिशोब करूच, पण तुमचा करू, बाकीच्या तिघांचा नाही.

आधी तो अपराधीपणा काढून टाकू. वर्षाला कामाचे साधारण 250 दिवस धरा, रोजचे 14 किलोमीटर, म्हणजे वर्षाला 3500 आणि पाच वर्षांत 17,500 किलोमीटर झाले. एका पूर्ण चार्जमध्ये सुरुवातीला 45, आता 27, सरासरी 35-36 धरली तर जवळपास 500 पूर्ण चार्ज एवढं काम त्या बॅटरीनं केलंय. ई-सायकलच्या लिथियम बॅटरीचं आयुष्य साधारण 500 ते 1000 चार्ज असंच सांगितलं जातं, आणि त्याचा अर्थ तेवढ्या चार्जनंतर ती मरते असा नसतो, तर मूळ क्षमतेच्या 70-80 टक्क्यांवर येते असा असतो. तुमची 60 टक्क्यांवर आलीय. थोडी जास्त उतरलीय एवढंच. म्हणजे बॅटरी खराब झाली नाही हो, वापरून झाली.

रात्रभर लावण्याचा काही परिणाम झाला का, तर थोडा झाला असेल. चांगला चार्जर बॅटरी भरली की करंट स्वतःच बंद करतो, त्यामुळे "जास्त चार्ज होऊन फुगली" वगैरे जे लोक सांगतात ते नीट चार्जर असेल तर सहसा होत नाही. पण लिथियमच्या सेलला दोन गोष्टी आवडत नाहीत, एक उष्णता आणि दुसरं तासन् तास काठोकाठ भरलेलं राहणं, आणि दोन्ही एकत्र आलं तर अजिबातच नाही. बॅटरी न वापरताही वयानं म्हातारी होते, भरलेली आणि गरम असेल तर जरा लवकर होते. तेव्हा तुमच्या सवयीनं काही टक्के खाल्ले असतील, पण सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका. रात्री चार्ज करू नये याचं खरं कारण वेगळं आहे, ते मुलाच्या मुद्द्याशी येईन तेव्हा सांगते.

आता मला तुमच्या पत्रातली एक गंमत दाखवायचीय. तुम्हाला रोज लागतात 14 किलोमीटर आणि सायकल देतेय 27. जवळपास दुप्पट! मग अडचण कुठे आहे, तर तुम्ही अजूनही दोन दिवसांनी चार्ज करताय, कारण आधी तीन दिवस पुरायची तेव्हाची सवय आहे. रोज संध्याकाळी घरी आल्यावर लावली, झोपायच्या आधी काढली, तर तो चढ कायम अर्ध्याहून थोड्या कमी बॅटरीवर येईल, दोन काड्यांवर येणार नाही, आणि मोटर बहुतेक बंद पडणार नाही. लोकांना वाटतं जास्त वेळा चार्ज केलं की बॅटरी जास्त झिजते. तसं नसतं. अर्धी वापरून अर्धी भरली तर तो अर्धाच चार्ज मोजायचा, उलट तळ गाठेपर्यंत रिकामी करून मग भरण्यापेक्षा असं थोडं थोडं करणं सेलला सोपं जातं. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळात "पूर्ण संपवून मग चार्ज करा" असं सांगायचे, ते लोकांच्या डोक्यातून अजून जात नाही.

म्हणजे कदाचित आज काहीच विकत घ्यायची गरज नाही. कदाचित म्हणतेय, कारण आधी दोन-चार गोष्टी तपासायला हव्यात.

चढावर बंद पडून सपाटीला चालू होणं हे का होतं ते समजून घेतलं तर बराच गोंधळ जाईल. तुमच्या पॅकमध्ये सेलचे 10 गट एकामागे एक जोडलेले असतात, प्रत्येक गट पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट, म्हणून सगळा पॅक 42 व्होल्ट. दोन काड्या राहिल्या की समजा 35 च्या आसपास असतो. चढावर मोटर एकदम जास्त करंट ओढते, तेव्हा व्होल्टेज क्षणभर खाली दबतं. नव्या बॅटरीत दीड-दोन व्होल्टनं दबेल, म्हाताऱ्या बॅटरीत आतला रोध वाढलेला असतो म्हणून चार-पाच व्होल्टनं दबतं, आणि 36 व्होल्टच्या बऱ्याच सायकलींचा कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) 31 च्या आसपास आला की सेल वाचवायला मोटर बंद करतो. टाकीत पाणी आहे पण पाइपात क्षार साचलाय, नळ थोडा सोडला तर येतं, पूर्ण सोडला तर नाही, तसलाच प्रकार. सपाटीला करंट कमी झाला की व्होल्टेज परत वर येतं आणि मोटर चालू होते. त्यामुळे डिस्प्लेवरच्या काड्या खोटं बोलत नाहीत, फक्त त्या आत्ताचं व्होल्टेज बघून सांगतात, चढावर काय होणार ते त्यांना माहीत नसतं.

यावर चालवतानाच करण्यासारखं एक आहे. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा, असिस्ट (मोटर किती मदत करते त्याची पातळी) एक पायरी खाली आणा आणि पाय जोरात चालवा. हब मोटर हळू फिरत असताना सगळ्यात जास्त करंट खाते आणि त्यातला बराचसा नुसता गरम होण्यात घालवते, चाक फिरतं ठेवलं तर तीच मोटर कमीत काम करते. थ्रॉटल असेल तर चढावर तो पूर्ण पिळायचा नाही, एवढं पाळलं तरी काही किलोमीटर वाढतात.

आणि रेंज कमी होण्याचं सगळं खापर बॅटरीवर फोडायच्या आधी मागचं चाक उचलून हातानं फिरवून बघा. लगेच थांबतंय का, ब्रेक पॅड घासल्याचा आवाज येतोय का. (हब मोटरच्या काही प्रकारांत चाक मुळातच थोडं जड फिरतं, म्हणून आवाजाकडे जास्त लक्ष द्या.) टायरमध्ये हवा किती आहे ते अंगठ्यानं दाबून नाही, मीटरच्या पंपानं बघा, किती हवी ते टायरच्या बाजूला छापलेलं असतं. साधी सायकल हवा कमी असली की पायाला लगेच कळते, इलेक्ट्रिकमध्ये मोटर ते झाकून टाकते आणि बिल बॅटरीवर फाडते. चेन कोरडी असेल तर तेल द्या. मग एक दिवस पूर्ण चार्ज करून, हवा भरून, नेहमीच्याच रस्त्यानं, नेहमीच्याच असिस्टवर किती किलोमीटर जाते ते लिहून ठेवा. थंडीच्या दिवसांत ही चाचणी केली तर आकडा कमीच येणार, कारण थंडीत लिथियम बॅटरी सुस्त होते, तेव्हा त्यावरून घाबरू नका. या एवढ्यानंच 27 चे 31-32 झाले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दुसरी तपासणी मेकॅनिककडून करून घ्या, मल्टिमीटर असलेला कुठलाही इलेक्ट्रिशियनसुद्धा करेल. बॅटरी पूर्ण भरून तासभर ठेवायची आणि व्होल्टेज मोजायचं. साडेएक्केचाळीस ते 42 आलं तर ठीक. 40 च्या आसपासच आलं तर एक तर चार्जर पूर्ण भरत नाहीये किंवा दहापैकी एखादा गट मागे पडलाय, आणि एक गट मागे पडला की बाकी नऊ कितीही धडधाकट असले तरी पॅक त्या एकाच्याच तालावर चालतो. बऱ्याच बॅटऱ्यांमध्ये आतली सर्किट, जिला बीएमएस म्हणतात, ती सगळे गट सारखे करायचं काम अगदी भरत आल्यावरच करते आणि ते फार हळू करते. म्हणून महिन्यातून एकदा, दिवसा, तुम्ही घरात असताना, हिरवा दिवा लागल्यावरही दोन-तीन तास चार्जर तसाच ठेवून बघा. कधीकधी तेवढ्यानंच पॅक बराच सुधारतो. नाही सुधारला आणि काड्या निम्म्यापर्यंत नीट उतरून मग एकदम कोसळत असतील, तर तो गट गेला समजा आणि पुढचा निर्णय लांबवू नका.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. बॅटरी 45 वरून 27 ला पाच वर्षांत आली म्हणजे 27 वरून 14 ला यायला अजून चार वर्षं लागतील असा सरळ हिशोब करू नका. शेवटी शेवटी उतार वाढतो, एखादा गट अचानक दगा देतो. तेव्हा आत्ता काही घेऊ नका पण तयारी ठेवा: वर्षभरात बॅटरीचा खर्च येणार असं धरून दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढा, आणि तुमच्या मॉडेलची बॅटरी अजून बनतेय का हे कंपनीला आजच विचारा. अजून बनत असेल तर थांबा. बंद होणार असं म्हणाले तर मग थांबू नका. मात्र स्वस्तात मिळतेय म्हणून आत्ताच घेऊन कपाटात ठेवणार असाल तर तो तोटाच, कारण कपाटातही तिचं वय वाढतं आणि वॉरंटी तर बिलाच्या तारखेपासूनच सुरू होते.

मग वेळ येईल तेव्हा काय करायचं? तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत आणि त्यात "सायकलच्या निम्म्या किमतीची बॅटरी" हे ऐकून तुम्ही दचकलाय. पण ही तुलना मला पटत नाही. तुम्ही सायकलची पाच वर्षांपूर्वीची किंमत आणि नव्या बॅटरीची आजची किंमत शेजारी ठेवताय. त्याऐवजी असं विचारा, पुढची पाच वर्षं रोज 14 किलोमीटर जायला मला काय खर्च येईल. बॅटरीची किंमत भागिले 17,500 करा, एका किलोमीटरचा आकडा येईल. विजेचं तर विचारूच नका, 36 गुणिले 10 म्हणजे 360 वॅट-अवर, चार्जरमध्ये वाया जाणारं धरून एका पूर्ण चार्जला 0.4 युनिट, म्हणजे तुमच्या पाच वर्षांच्या 500 चार्जला मिळून सुमारे 200 युनिट. हा आकडा तुमच्या वीजबिलाशी लावून बघा आणि मग बस, रिक्षा, स्कूटरचं पेट्रोल जे काही तुम्ही नाहीतर वापरलं असतं त्याच्याशी. मला वाटतं दचकणं कमी होईल.

कंपनीची बॅटरी महाग असली तरी जर सायकलचा सांगाडा, मोटर, ब्रेक नीट असतील तर मी त्याच बाजूला झुकेन, विशेषतः घरात ठेवून चार्ज करायची असेल तर.

भावाच्या ओळखीच्या माणसाचा पर्याय मी उडवून लावत नाही. चांगले कारागीर आहेत आणि नीट केलेलं काम नीट चालतं. पण ओळखीतला आहे ही काही पात्रता नव्हे. त्याला विचारा की सगळे सेल बदलणार की फक्त मेलेले? फक्त मेलेले म्हणाला तर नमस्कार करून निघा, जुन्या सेलमध्ये नवे मिसळले की तीन-चार महिन्यांत पुन्हा तेच रडगाणं. सेल कुठल्या कंपनीचे, नवे की जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले हे विचारा. जोडणी स्पॉट वेल्डिंगनं करतो की सोल्डरनं, कारण थेट सेलवर सोल्डर केलं की उष्णतेनं सेल आतून बिघडतो. तापमानाचा सेन्सर पुन्हा बसवणार का, बीएमएस जुनाच ठेवणार का. काम झाल्यावर पूर्ण भरून पूर्ण उतरवून किती अँपिअर-अवर निघाले ते मोजून देणार का, आणि लेखी वॉरंटी किती. एक परीक्षा मी नेहमी सांगते: पॅकमध्ये 18650 सेल असतील, म्हणजे 18 मिलिमीटर जाडीचे आणि 65 लांबीचे, तर एका सेलची क्षमता सहसा 3500-3600 मिलिअँपिअर-अवरच्या फार वर मिळत नाही. कुणी त्या आकाराचा सेल 5000 किंवा 9000 चा आहे म्हणाला तर एक तर त्याला माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही असं त्याला वाटतंय. (थोडा मोठा 21700 सेल मात्र 5000 चा खरंच मिळतो, तेव्हा आकार विचारून मगच भांडा.) अजून एक, काही सायकलींचा बीएमएस सेल काढले की स्वतःला लॉक करून घेतो आणि मग डबा भंगारातच जातो, तुमच्या मॉडेलचं असं काम त्यानं आधी केलंय का ते विचारून घ्या.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारी बिननावाची बॅटरी तुम्ही विचारली नाहीत पण कुणीतरी सुचवणारच, म्हणून सांगते, नको. तशीच चार्जरची गोष्ट. पिन बसते म्हणून दुसरा चार्जर लावायचा नाही. 48 व्होल्टच्या पॅकचा चार्जर 54.6 व्होल्ट देतो, तो तुमच्या 42 च्या पॅकला लावला की काय होईल हे पूर्णपणे बीएमएसच्या कृपेवर. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीचा चार्जर पण वेगळा असतो.

नवीनच सायकल घ्यायची वेळ आली तर, आणि इतर वाचकांपैकी जे आत्ता पहिल्यांदा घेतायत त्यांनीही, रेंज किती विचारायच्या आधी विचारा की पाच-सहा वर्षांनी बॅटरी, कंट्रोलर आणि डिस्प्ले मिळेल का आणि बाहेरचा मेकॅनिक तो बसवू शकेल का. फ्रेममध्ये बंद केलेली बॅटरी आणि मोबाइल ॲपशिवाय न उघडणारं कुलूप दिसायला छान असतं, पण व्हॅनमूफ नावाची डच कंपनी जुलै 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा लोकांना रातोरात चिंता पडली की सर्व्हर बंद झाला तर आपल्याच सायकली आपल्याला चालवता येतील का. मग काउबॉय या दुसऱ्या ई-सायकल कंपनीनं त्या सायकलींची डिजिटल चावी जपून ठेवायला एक ॲप काढून दिलं आणि पुढे व्हॅनमूफही दुसऱ्या मालकाकडे गेली, पण धडा घ्यायचा तो घेतलाच पाहिजे. युरोपियन युनियननं तर कायदाच केलाय, 18 फेब्रुवारी 2027 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या अशा हलक्या वाहनांच्या बॅटऱ्या बाहेरच्या मेकॅनिकला काढून बदलता आल्या पाहिजेत. तुमची साधी, डबा काढता येणारी, हब मोटरची सायकल आज जुनाट वाटत असेल, पण दुरुस्तीच्या बाबतीत ती या चकचकीत सायकलींपेक्षा उजवी आहे.

सायकलचा बाकीचा भाग बघून घ्या म्हटलं, तर काय बघायचं? मोटर सहसा सगळ्यात जास्त टिकते. गिअरवाल्या हब मोटरमध्ये आत नायलॉनची दातेरी चाकं असतात, ती झिजली की खरखर येते, बदलता येतात. मोटर झटके देत असेल, चाक जागच्या जागी थरथरत असेल तर बहुतेक हॉल सेन्सर (मोटर कशी फिरतेय ते कंट्रोलरला कळवणारा) किंवा त्याच्या कनेक्टरमध्ये ओल गेलीय. मोटर अजिबातच चालू होत नसेल तर कंट्रोलर जळला असं कुणी सांगण्याआधी ब्रेकच्या लिव्हरमधला कट-ऑफ स्विच बघा, तो अडकला की सायकलला वाटतं तुम्ही ब्रेक दाबून ठेवलाय आणि ती मोटर देतच नाही. हा एवढासा स्विच न तपासता लोकांनी कंट्रोलर बदललेले मला माहीत आहेत. मागच्या चाकाचे स्पोक हातानं दाबून बघा, मोटरच्या वजनानं आणि जोरानं ते ढिले होतात, तुटायला लागले की एकामागे एक तुटतात. ब्रेक पॅड साध्या सायकलपेक्षा लवकर झिजतात कारण वजन आणि वेग दोन्ही जास्त. मिड ड्राइव्हवाल्यांची, म्हणजे मोटर पेडलजवळ असलेल्या सायकलींची, चेन आणि दातेरी चक्रं अजून लवकर जातात, मोटरचा सगळा जोर चेनमधूनच जातो ना. फ्रेमला तडा, वेल्डिंगजवळ गंजाची बारीक रेघ दिसली तर मात्र बॅटरीवर पैसे घालू नका, तिथे मुलाचं म्हणणं बरोबर.

आता मुलगा. त्याच्या भीतीला तुम्ही पत्रात "व्हिडिओ बघून घाबरलाय" असं म्हटलंय, पण भीती अगदीच खोटी नाही. लिथियमच्या बॅटरीनं पेट घेतला तर ती फार वेगानं भडकते आणि विझवायला कठीण जाते. न्यूयॉर्क शहरात अशा आगी इतक्या वाढल्या की सप्टेंबर 2023 पासून तिथे प्रमाणित नसलेल्या ई-बाइक आणि बॅटऱ्या विकायलाच बंदी आहे. पण नुसती जुनी झाली, रेंज कमी झाली म्हणून बॅटरी धोकादायक होत नाही. खराब बनावटीची, पडून आपटलेली, पाणी गेलेली, चुकीचा चार्जर लावलेली, उघडून कशीतरी शिवलेली बॅटरी धोकादायक. तुमच्या डब्याला फुगवटा, तडा, गोडसर किंवा रसायनासारखा वास, चार्ज होताना हात लावून ठेववत नाही इतका चटका, असं काहीही असेल तर आजपासून वापर बंद, चार्जिंग तर नाहीच. नसेल तर रात्री झोपेत चार्ज करायचं नाही हा नियम करा, कारण काही झालंच तर जागं कुणी हवं. बाहेर पडायच्या दारात आणि जिन्यात चार्जिंगला लावायचं नाही, बाहेर पळायची वाटच अडेल. गादीवर, कपड्यांवर नाही, उघड्या फरशीवर, वर काही न झाकता. मुलाला हे वाचायला द्या आणि हिरवा दिवा लागल्यावर चार्जर काढायची जबाबदारी त्यालाच द्या.

मिस्टरांच्या बाबतीत मी काय बोलू, तुमच्या घरातली बोलण्याची पद्धत तुम्हाला माहीत. पण 17,500 किलोमीटर चाललेल्या वस्तूला खेळणं म्हणत नाहीत एवढं त्यांना माझ्याकडून सांगा.

विकायचीच असं ठरलं तर बॅटरी किती जाते ते घेणाऱ्याला खरं सांगा, आणि किंमत फारशी येणार नाही हे धरूनच चला, कारण घेणारा पण तोच बॅटरीचा हिशोब करणार. जुनी ई-सायकल घेणाऱ्या वाचकांनी उलट बाजूनं हेच करावं: काड्यांवर जाऊ नका, पूर्ण चार्ज करून तुमच्या वजनाला, तुमच्या चढावर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि बॅटरी कधीची आहे ते डब्यावरच्या तारखेवरून बघा, बिलावरून नाही.

ज्यांची सायकल काही महिने पडून राहणार आहे त्यांनी बॅटरी निम्मी भरून, थंड कोरड्या जागी ठेवायची आणि दर दोन महिन्यांनी बघायची. रिकामी ठेवून विसरलात आणि नंतर चार्जच घेत नाही असं झालं तर बीएमएसला वळसा घालून जबरदस्तीनं चार्ज करून देणारे लोक भेटतील, त्यांना तसं करू देऊ नका, इतक्या खोल उतरलेल्या सेलमध्ये आत शॉर्ट व्हायचा धोका असतो. गोठवणाऱ्या थंडीतून आणलेली बॅटरीही लगेच चार्जिंगला लावायची नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. धुताना पाण्याचा जोराचा फवारा मोटरच्या एक्सलवर आणि कनेक्टरवर मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसा.

तुमच्यासाठी ताई, या आठवड्याचं काम एवढंच: हवा, ब्रेक, रोजचं चार्जिंग, आणि कंपनीला एक फोन. पुढे कधी नवी बॅटरी घेतलीत तर जुनी माळ्यावर टाकू नका आणि घरच्या कचऱ्यात तर अजिबात नको, टर्मिनलवर चिकटपट्टी लावून, नवी घेताना त्याच दुकानात परत करा किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, आणि त्या माणसानं ती तुमच्यासमोर इतर भंगारात फेकली तर उचलून परत आणा.